चेंबरचा पहिला डोसा

या विश्वात प्लाझ्मा दोनच ठिकाणी शहाण्यासारखा वागतो: सूर्याच्या पोटात, आणि चेन्नईला गिंडीतल्या आमच्या शेडमध्ये, राव ड्यूटीवर असतील तेव्हा. सूर्याचं कसं चालतं ते ठाऊक नाही. राव मात्र त्याला तमिळमध्ये दटावत असत.

राव तंजावरी मराठी, आमचे चेंबर चालवणारे. काम मोटारीच्या दिव्यातल्या आरशांवर पारदर्शक थर चढवण्याचं. हवा उपसलेल्या चेंबरमध्ये रसायनाची वाफ सोडायची, वीज दिली की ती जांभळी पेटते, हाच प्लाझ्मा, आणि आरशावर थर होऊन बसते. मी या विषयात पुण्याहून डॉक्टरेट घेऊन आलेलो. दाब, वाफ, वीज सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिलेला. राव तळहाताएवढ्या काचेतून आत बघत आणि कॉफी मागवावी तशा सुरात म्हणत, "गुलाबी मारतंय. हवा शिरतेय कुठून तरी." माझ्या मीटरला ते वीस मिनिटांनी कळे. माझा प्रबंध आणि रावांची भुवई यांत मालक भुवईकडे बघत. मी जळत असे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसे, म्हणून आणखी जळत असे.

त्यांचा एक नेम होता. चेंबर घासून साफ केलं की पहिली फेरी रिकामी चालवायची, आत एकही आरसा न ठेवता. याला मी नैवेद्य म्हणत असे. लेखी तक्रारही केली होती.

मग एक मोठं गिऱ्हाईक येणार ठरलं. त्यांच्यासमोर बॅच नीट निघाली तर यापुढे लाइन माझ्या प्रोग्रॅमवर, असं मालक म्हणाले. मी आदल्या दिवशी चेंबर लख्ख घासून घेतलं. सकाळी आरसे भरताना राव दाराशी उभे होते.

"सार, घासलेल्या तव्यावरचा पहिला डोसा पाहुण्याला वाढतात का हो?"

मी बटण दाबलं. पडद्यावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता. थर दिसताच कामा नये, आणि आरसे मोरपंखी होऊन बाहेर आले. पाहुणे ते फिरवून फिरवून बघत राहिले. तेवढ्यात राव पुढे झाले आणि त्यांना तमिळमध्ये म्हणाले, ही नुसती चाचणी, तुम्ही टिफिन करून या. पाहुण्यांचा नाश्ता होईतो रावांनी एक फेरी रिकामी चालवली. पुढची बॅच निर्मळ निघाली, माझ्याच प्रोग्रॅमवर, एक आकडा न बदलता. लाइन मला मिळाली. हे मी त्यांना बरेच दिवस माफ करू शकलो नाही.

कारण पुढे वाचून काढलं: कोऱ्या धातूच्या भिंतींमुळे वाफेचं गणितच बदलतं, त्यांच्यावर थर बसला की ते ठिकाणावर येतं. कार्यपद्धतीत मी कलम घातलं, 'सफाईनंतर पहिली फेरी रिकामी'. मालक म्हणाले, याला म्हणतात अभ्यास. खाली सही माझी.

राव निवृत्त झाल्यावर एका सकाळी कबुली द्यायला वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून ठेवलंत, बरं केलंत. माझ्या डोळ्यांचं आता ऑपरेशन आहे." आणि मग चेंबरमधलं जांभळं कसं आहे ते विचारलं.

आत त्यांच्या पत्नीने तवा ठेवला होता. पहिला डोसा फाटला. तो रावांच्या ताटात पडला, रोजच्यासारखा. मला दुसरा मिळाला.