बंदुकीचा मुक्काम

मागच्या वर्षी काही महिने माझ्या बंदुकीला पक्का पत्ता होता आणि मला नव्हता.

हे वाक्य मी कुणाकडे जेवायला गेलो की साधारण भात येण्याच्या सुमारास टाकतो. घास थांबतात. एखादी आई मुलांना वरच्या खोलीत पिटाळते. मी सावकाश पाणी पितो आणि मग पुढचं सांगतो. बायको म्हणते, मी नाटकी आहे. असं म्हणताना ती ताकाचा पेला माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवते, कारण पुढचे हातवारे तिला पाठ आहेत.

बंदूक म्हणजे पॉइंट टू-टूची रायफल, नेमबाजीची. कागदावरच्या वर्तुळांखेरीज तिनं आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही, आणि माझ्या हातात असताना वर्तुळांचंही फारसं नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेपच्या घरात ती भिंतीला बोल्टनं आवळलेल्या तिजोरीत असायची, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ल्या कुठे ते फक्त मला माहीत. बायकोलाही नाही, कारण परवाना माझा आहे, तिचा नाही. नवऱ्याचं एकच गुपित आणि तेही सरकारमान्य, असं ती मैत्रिणींना सांगते.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मी पडदे ओढून रायफल पाटावर ठेवायचो. शेजारी ड्रिल मशीन, बायकोची कात्री आणि आमची दोघांची पोटं भरणारे लॅपटॉप. ही पूजा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर चालायची. मामा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर शाळेत कवायत शिकवत आले. छात्रसेनेची मुलं, त्यांचे कॅम्प आणि शाळेला मिळणाऱ्या रायफली, सगळं त्यांच्याकडे होतं. स्वतःची बंदूक मात्र त्यांनी कधी घेतली नाही. फोनवर ते एकच हुकूम सोडायचे, "जावईबापू, बोल्ट दाखवा." मी रायफलचा बोल्ट काढून दाखवायचो, गोळी बसते ते चेंबर रिकामं आहे हे कॅमेऱ्यापुढे धरायचो, आणि त्यानंतरच त्यांचे हात जोडले जायचे.

मग आम्ही ते घर विकलं. न्यूनेनचं नवं घर तयार व्हायचं होतं, आणि बिल्डरचं 'लवकरच' काही संपेना. आम्ही एक जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतला आणि जवळच्या कॅम्पिंगवर, निवृत्त डच जोडप्यांच्या मधोमध, संसार मांडला. मी तिजोरी कॅम्परच्या लोखंडी सांगाड्याला चार जाड बोल्टनी आवळली. इतका अभिमान वाटला की मामांना व्हिडिओवर सगळी सफर घडवली. ते म्हणाले, "यंदा मी तिकडे येतोय. डॉक्टर या वेळी हो म्हणालेत, पुढच्या वेळी म्हणणार नाहीत. पूजा मी करणार, रायफल हातात घेऊन."

मग परवान्याचं काम बघणाऱ्या पोलीस अधिकारी आल्या. बोलावलं मीच होतं, कारण मुक्काम बदलला की त्यांना कळवावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. बाईंनी तिजोरी हलवून पाहिली. हलली नाही. मी छाती फुगवली. त्यांनी वाकून बोल्ट बघितले, मग खाली उतरून कॅम्परभोवती एक फेरी मारली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि कॅम्पर कशाला आवळलाय?"

मी म्हटलं, हँडब्रेक आहे.

त्या हसल्या नाहीत. चोराला तिजोरी फोडायची गरजच नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तो चाकं फिरवेल आणि तिजोरी, रायफल, गॅसची शेगडी आणि अंथरुणातला मी, सगळं घेऊन जाईल. म्हणून रीतसर परवानगीनं रायफल माझ्या नेमबाजी क्लबच्या पोलादी खोलीत गेली. क्लबवर जायचं, नेम धरायचा, साफ करायची, परत द्यायची.

सुरुवातीला मला अपमान वाटला. संध्याकाळी कॅम्परच्या पायरीवर बसून विचार केला, तर बाईंचा प्रश्न कुठल्या कुठे जाऊन पोचला. घर म्हणजे तरी काय, आपण नसतानाही जागेवर राहतं ते. देश बदलून, व्हिसा बदलून, नोकऱ्या बदलून आम्ही दोघं इथवर आलो होतो. आमच्या सगळ्या सामानात, जागेवरून हलता कामा नये अशी वस्तू ही एकच.

रिकाम्या तिजोरीचे बोल्ट काही निघेनात. वळणावर दार उघडत नाही असं गाडीतलं एकमेव कपाट, म्हणून बायकोनं तिथे गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या लावल्या.

मामांना काय सांगायचं, हा प्रश्न राहिलाच. रायस्वाइकच्या माझ्या मित्रानं तो चुटकीसरशी सोडवला. तो सॉफ्टवेअरवाला, त्याला प्रत्येक नियमात फट दिसते. म्हणाला, "तुझं घर कुठलं? कॅम्पर. रायफल क्लबमधून घरी आणता येते ना? मग एका सकाळपुरती आण. लॉजिक एकदम क्लिअर आहे."

मला मोह झाला. नुसता मोह नाही, मला अख्खा प्रवेश दिसला. कॅम्परची कनात, झेंडूची तोरणं, पाटावर रायफल, सोवळ्यातले मामा आणि कुंपणापलीकडे हातातली कॉफी विसरलेली डच म्हातारी मंडळी. माझा परवाना त्या कॅम्परच्या पत्त्यावर नव्हता, आणि हे असले प्रयोग करणाऱ्याचा परवाना जातो, परत मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन दिवस ते दृश्य मनात सजवत बसलो. बायकोनं भांडी घासता घासता विचारलं, "पोलीस आले तर बाबांना काय सांगणार आहेस? आरतीला आलेत म्हणून?"

पडदा पडला.

मामा स्किपोल विमानतळावर उतरले ते बॅगेतून खणाची गवसणी घेऊन. रायफलच्या मापाची, गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेली, हिरवी, लाल काठाची. कॅम्परमध्ये शिरताच चहालाही न थांबता त्यांनी तिजोरीच्या हँडलला हात घातला. कुलूप नव्हतंच, दार उघडलं. त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी बाहेर काढली.

"जावईबापू, तुम्ही कैरी फायर करता काय?"

मी सगळं सांगितलं. माझा सांगण्याचा हातखंडा त्या वेळी कामाला आला नाही, चार ओबडधोबड वाक्यांत संपवलं. मामांनी गवसणीची घडी घातली, ती परत बॅगेत ठेवली आणि लेकीला म्हणाले, "मग मी आलो कशाला?" दुसरा अख्खा दिवस ते खुर्ची टाकून तळ्यातली बदकं बघत बसले. बदकांशी बोलले, माझ्याशी नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मी ड्रिल मशीन पुसत होतो. ते जवळ आले. म्हणाले, "ती पोलीस बाई नक्की काय म्हणाली? नीट सांगा."

नीट सांगा, असं मला आयुष्यात फार थोड्या लोकांनी म्हटलंय. मी उठून सगळं करून दाखवलं. बाईंचं वाकणं, गाडीभोवतीची फेरी, माझी फुगलेली छाती आणि ते हँडब्रेकचं उत्तर. मामा आधी मिशीत हसले, मग खोकला येईपर्यंत हसले. डोळे पुसून बसले आणि त्यांनी त्यांच्या कॅम्पांची गोष्ट सांगितली. मुलं तंबूत झोपायची, रायफली कधीच नाही. त्या रोज मोजून जवळच्या पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि सकाळी मोजून परत यायच्या. मुलं रुसायची, एक दिवस तरी तंबूत ठेवू द्या म्हणायची.

"ठेवू दिल्या असत्या तर मला झोप लागली नसती," ते म्हणाले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चला. ती येत नाही ना? आपण जाऊ."

क्लब संध्याकाळी उघडायचा. शस्त्रखोलीची जबाबदारी मामांच्याच वयाच्या एका उंच डच आजोबांकडे होती. मी त्यांना आधी फोनवर सगळं समजावलं होतं. त्यांची अट एकच, आत ज्योत पेटवायची नाही, कारण जमिनीवर बंदुकीच्या न जळालेल्या दारूची भुकटी असते. निरांजन पिशवीतच राहिलं. हळदकुंकू मामांनी स्वतःच लावलं नाही, लोखंडाला ओल धरते म्हणून.

आजोबांनी रायफल टेबलावर ठेवली. मामांनी नमस्कार केला नाही. आधी नळी भिंतीकडे आहे हे पाहिलं, बोल्ट उघडला, चेंबरमध्ये डोकावले, करंगळी घालून खात्री केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काडतुसं?"

"दुसऱ्या कपाटात, मामा."

तेव्हा कुठे त्यांनी रायफल दोन्ही हातांत उचलली, छातीशी धरली. टेबलावर ठेवून शेजारी झेंडूचं एक फूल ठेवलं आणि डोळे मिटले. आजोबांनी आपली टोपी काढली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग आजोबांनी मामांना खुणेनं विचारलं, एक गोळी मारणार का? पाहुण्याला क्लबच्या माणसाच्या देखरेखीखाली मारता येते. मामांनी आपला उजवा हात पुढे धरून पाहिला. तो थरथरत होता.

"नको म्हणावं. असल्या हातानं नमस्कार करता येतो, नेम नाही."

मामांनी पिशवीतून खणाची गवसणी काढून रायफलवर चढवली आणि रायफल पोलादी खोलीत गेली. आजोबांनी कुलूप लावलं. मामा पुढे झाले आणि हँडल ओढून बघितलं. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःही ओढून बघितलं. दोघांनी मान हलवली. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि त्या खोलीत जास्तीचा माणूस मीच होतो.

दसऱ्याला मग कॅम्परला एवढा मोठा हार घातला की वायपर चालेनात. माझी हौस तिथे भागली.

यंदा आम्ही न्यूनेनच्या घरात आलो. त्याच अधिकारी येऊन बघून गेल्या, रायफल गवसणीसकट घरी आली आणि काँक्रीटच्या भिंतीतल्या तिजोरीत गेली. खंडेनवमीला सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. मी बोल्ट दाखवला, पूजा झाली, रायफल आत गेली. फोन बंद करणार तोच मामा म्हणाले, "हँडल ओढून दाखवा." मी ओढलं.

"आणि घर कशाला आवळलंय?"

"जमिनीला, मामा."

मग त्यांनी हात जोडले.