बिनप्रवाशांची फेरी

आमचे काका बसचे ड्रायव्हर. निवृत्त होताच त्यांनी जाहीर केलं, "जन्मभर लोकांना वाहिलं. आता होडीनं नदीतून थेट समुद्रापर्यंत जाणार, एकटा! मागे कुणाची कटकट नको."

काकू म्हणाली, "करमेल का?"

ठरल्या दिवशी आम्ही सगळे नदीच्या मुखाशी वाट बघत होतो. होडी दिसली. काका घामाघूम होऊन वल्हवत होते आणि मागे एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन ऐसपैस बसली होती.

"एकटे येणार होतात ना?"

"अगं, काठावरून हात दाखवला त्यांनी. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला."

"होडीला ब्रेक?"

"नाही ना! म्हणून तर धारेविरुद्ध वल्हवत मागे जावं लागलं."

म्हातारी उतरताना काकूला म्हणाली, "हळू चालवतो बाई, पण थांबतो हो तुझा नवरा."