लक्ष्मीचा पत्ता

परवा तिन्हीसांजेला उदबत्तीचा वास आला आणि मला वाटूरचं माहेर आठवलं. आमच्या आईचा बारा महिने एकच नेम होता, माणूस तिथंच दिवा. एकदा आत्यानं दिवेलागणीला रिकाम्या खोल्याही उजळल्या. आई मागोमाग बटणं बंद करत गेली.

“वहिनी, अंधाऱ्या घरात लक्ष्मी येत न्हाई!”

“लक्ष्मी काय आंधळी हाय? माणसं बसली तिथं येईल बराबर.”

आत्या फुगून बसली. मला तेव्हा आईचीच लाज वाटली होती.

परवा इथं जालन्यात सुनेनं उदबत्ती लावून सगळ्या खोल्या उजळल्या. मी उठले आणि एकेक बटण बंद केलं.

“आई, लक्ष्मी माघारी जाईल ना!”

“तिला म्हणावं, आम्ही सैपाकघरात बसलोय.”