नणंदेची गोळी

बायांनो, आज जळगावला दवाखान्यात जाऊन आले आणि जीव भांड्यात पडला.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून मी हार्मोनची गोळी घेते. हल्ली बोटं इतकी आखडली की भाकरी थापता येईना. वाटलं, रोग हाडात शिरला.

धुळ्याच्या नणंदेलाही हाच आजार. विरजण द्यावं तशी तिनं तिची गोळी माझ्या हातावर ठेवली. "मन्ही ले वहिनी, चांगली शे." माझी घे, चांगली आहे, म्हणे.

आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं, म्हणून वाचले. तपासण्या बघून म्हणाल्या, "रोग पसरलेला नाही, आजी. सांधे तुमच्या गोळीनं दुखतात. पण नणंदेच्या गोळीनं रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि तुमच्या पायात एकदा झालीय. तुमच्याच प्रकारातली दुसरी देते, तिनं कदाचित कमी दुखेल."

दुखू देत बोटं. रोग नाही, एवढं पुरे.

तुमच्यात कोण दुसरीची गोळी खातंय, खरं सांगा?