घरमालकांचं हाऊएवर

चांदा जिल्ह्यात आजवर जेवढं इंग्रजी बोललं गेलं असेल, त्यातलं निम्मं आरमोरीच्या आमच्या घरमालकांनी एकट्यांनी बोलून टाकलं, आणि तेही एकाच शब्दात, असं माझं ठाम मत आहे. तो शब्द म्हणजे 'हाऊएवर'. स्वातंत्र्य नवं होतं, मीही नवा होतो, आणि तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून जाऊन त्यांच्या घरात भाडेकरू झालो होतो. खोली दाखवताना ते म्हणाले, "खोली हवेशीर हाय, मास्तर. शेजार चांगला हाय. हाऊएवर, पावसाळ्यात बाज कुठीही सरकवा, पाणी डोक्यावरच येते." भाडेकरूला छपराची ही हकीकत आधीच सांगणारा घरमालक मी पुन्हा पाहिला नाही. मी त्याच दिवशी सामान टाकलं.

हा शब्द त्यांना एका गोऱ्या साहेबाकडून मिळाला होता. तरुणपणी ते जंगल खात्यात त्याचे दौऱ्यावरचे कारकून होते. साहेबानं म्हणे कधी कोणाला 'नाही' म्हटलं नाही. बांबू मागायला आलेल्याचं सगळं ऐकायचा, तुझी गरज खरी आहे म्हणायचा, मान डोलवायचा, आणि मग 'हाऊएवर' म्हणायचा. माणूस वाकून नमस्कार करून रिकाम्या हातानं घरी जायचा. "इंग्रजानं तोफेवर राज्य नाई केलं, मास्तर. ह्या शब्दावर केलं!" मी शिक्षकी बाण्यानं त्यांना सांगून पाहिलं की याच कामाला इंग्रजीत इतरही शब्द आहेत. ते त्यांना ठाऊक होते. नुसते ठाऊक नव्हते, प्रत्येकाची पायरी ठरलेली होती. "बट हा बाजारातला. वांगे घेताना चालते. स्टिल घरातला, जेवताना बोलाचा. यट म्हणजे शिंक. नेव्हरदलेस लग्नामयतीचा, कोट घातल्याशिवाय तोंडातून काढू नाई. हाऊएवर मात्र बारमाही." आणि हे सारं ते पाळत. आठवडी बाजारात "वांगे ताजे हायेत, बट..." एवढं निघालं की भाजीवाली बाई घाईघाईनं म्हणे, "बट नका म्हनू भाऊ, घ्या दोन जास्ती!"

हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा मेळा, भरला की निकाल सांगायला गाव त्यांनाच उभं करी, कारण ते कुणाचीच बाजू घेत नसत. "पांढरी जोडी वाऱ्यासारखी धावली," असं ते म्हणत. जोडीचा मालक फेटा उडवायला हात वर करी. "हाऊएवर..." हात तिथंच थांबे. इंग्रजीचं अक्षर न शिकलेल्या हजार माणसांना या एका शब्दाचा अर्थ पक्का कळलेला होता. मी वर्गात छडी घेऊन तो शिकवत होतो, आणि पोरांना येत नव्हता.

या शब्दाचा खरा जाच होता तो त्यांच्या लेकीला, शेवंताला. आई लहानपणीच गेलेली; बापलेकींचं सारं बोलणं भांडणातूनच चाले. वरण छान झालंय, स्टिल मीठ कमी आहे, असं बापानं म्हटलं की ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "आधी तुमचं स्टिल गिळा, बाबा, मंग भात गिळा." पण तिची सोयरीक जमेना. पाहुणे येत, हे लेकीचं कौतुक करत, मग हाऊएवर म्हणत, आणि पाहुणे चहा पिऊन जात. पुढं वैनगंगेपल्याडच्या एका धानाच्या शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं. हा मुलगा शेवंतानं पटात बैल हाकताना पाहिला होता, आणि तो तिच्या मनात भरला होता. तिनं बापाला बजावलं, "ह्या बारीले तो शब्द काढला ना, तं मी जन्मभर तुमच्याच उरावर बसन!"

पाहुणे आले. आमचे घरमालक कोट घालून ताठ बसले. "पोरगी धानाच्या रोवणीत कोणाले हार जात नाई," म्हणाले, आणि थांबले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. "सैपाक चांगला करते." पुन्हा घाटी. "मनानं लई साफ हाय." मला त्यांच्याकडे बघवेना. कौतुक वाढत गेलं तसा मुलाच्या बापाचा चेहरा उतरत गेला. अखेर त्यानं हातातली सुपारी ताटात ठेवली आणि तो उठला. "भाऊ, सगळं चांगलंच चांगलं सांगून राह्यले. आमच्याकडं बैल विकणारा असा बोलते. काय लपवून राह्यले, जी?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शेवंता ओरडली, "बाबा! म्हना एकदाचं!"

"हाऊएवर!" घरमालक असे गरजले की मुलाचा बाप मटकन खाली बसला. मग त्यांनी धडाधड सांगून टाकलं. पोरगी तापट आहे, एकाला दोन बोलते, पटाला जायचं असलं की भात करपवते, आणि हसली तर तिसऱ्या घरी ऐकू जातं. आतून तेच हसू ऐकू आलं. मुलाच्या बापानं मांडीवर थाप मारली आणि व्याही म्हणूनच हाक दिली. "आमची बुढी अशीच हाय! फोडा सुपारी, इवाई!"

लग्न उन्हाळ्यात झालं. नदी पार आटली होती. पाठवणीच्या गाड्या पात्रातून पलीकडे निघाल्या, आणि आम्ही दोघं काठावर उभे राहिलो. "घर चांगलं भेटलं, मास्तर," ते म्हणाले. "जावई चांगला. इवाई तं देवमाणूस. हाऊएवर..."

मी थांबलो. पुढं काहीच आलं नाही. ते पलीकडच्या वाळूत चढणाऱ्या गाडीकडे बघत राहिले, ती दिसेनाशी झाली तरी बघत राहिले. मग म्हणाले, "चला, मास्तर."

त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुलांना तो शब्द शिकवला. हाऊएवरनंतर वाक्य पुरं व्हायलाच हवं, असं प्रत्येक वर्गाला सांगायचो, आणि वैनगंगेकाठचं ते अपुरं वाक्य सांगायचं मात्र टाळायचो.