एकाच बाजूनं घट्ट

बेंबळी गावात मी वीस वर्षं कपडे शिवते. माझं माप चुकलं असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. एकदा शेजारीण चार वर्षांच्या लेकीचा नवा फ्रॉक घेऊन आली. "मावशी, पोटात लई घट्ट शिवलाय तुमी."

मापाला महिनाही झाला नव्हता. मी वही काढली, पोरीला उभं केलं, पुन्हा टेप लावला. खांदा, छाती, उंची तेवढीच. पोट मात्र दोन इंच वाढलेलं, तेही डाव्याच अंगाला. बाकी पोर ठणठणीत, उड्या मारत होती.

"माझं माप बरोबर हाय. चल, डॉक्टरलाच विचारू," म्हणत मी तणतणत दोघींना रिक्षात बसवलं.

सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली. ती कॅन्सरची निघाली. सोलापुरात ऑपरेशन झालं, औषधं झाली. "लवकर आणलंत, बरं झालं," डॉक्टर म्हणाले.

आता ती चौथीत आहे. परवा येऊन म्हणाली, "आजी, ड्रेस घट्ट होतोय." माझी कात्री थांबली. घाईघाईनं टेप लावला. पोट होतं तेवढंच. खांदे वाढले होते, दोन्ही अगदी सारखे.

"माझंच माप चुकलं गं, तुझी वाढ धरलीच नाही," मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.