चादरीखालचा सौदा

अकोल्याच्या दवाखान्यात माझी कॉलेजातली मुलगी श्वासाच्या यंत्रावर होती. मूर्तिजापूरजवळ माझ्या थोरल्या भावाच्या शेतावर तिला मण्यार चावली. भावाने तिला आधी विष उतरवणाऱ्याकडे नेलं, मग दवाखान्यात. त्यात जो वेळ गेला, तो मी त्याला आजही माफ केलेला नाही. करणारही नाही.

डॉक्टर तिच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "काही प्रतिसाद नाही. मनाची तयारी ठेवा."

पापण्या मिटलेल्या, हात लुळे. मी बैलबाजारातला दलाल. दुसऱ्यांचे बैल हाकत हाकत स्वतःची दावण उभी केली. समोरच्याचा पहिला नकार मी कधी खरा मानला नाही. पण इथे सौदा करायचा कोणाशी?

अमरावतीच्या घरून तिचं एक पुस्तक आणवलं. जपानी चित्रकथा, इंग्रजीत उतरवलेली, समुद्री चाच्यांची. तिचं अर्धं कपाट त्या मालिकेनेच भरलेलं. माझं इंग्रजी अडखळतं, म्हणून चित्रं पाहूनच सांगू लागलो.

"हे पाह्य माय, जलपरी समुद्रात परत आली. सारे हसून राहिले. आता... आता तिले पिंजऱ्यात टाकलं."

नर्सला हसू आलं. "काका, उलटं वाचून राहिले तुमी. हे पुस्तक उजवीकडून सुरू होते."

"मंग पयले काऊन नाही सांगतलं?" मी खेकसलो. पोरीसमोर मी सुटलेल्या जलपरीला पुन्हा कोंडलं होतं!

दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. जलपरी पकडली गेली. चाच्यांच्या कप्तानाने दातांत सुरा धरून उडी घेतली. तो पिंजऱ्यापाशी पोचला आणि मी पुस्तक मिटलं.

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरतात. बोट दाबलं की मंजूर. हा खेळ मी तिच्याशी ती लहान असताना खेळायचो. चादरीखाली तिच्या मुठीत माझं बोट ठेवलं.

"पुढचं आयकाचं हाये? फुकट नाही सांगत. दाब बोट."

काही नाही.

"बरं, अर्ध्या भावात देतो. दाबू नको, नुसतं हलव."

काही नाही. बाजारात मी कधी आधी खाली उतरलो नाही. इथे उतरत गेलो, उतरत गेलो.

"माय, तू म्हणशील तो भाव."

बैलाच्या अंगावर माशी बसावी, तेवढंच काहीतरी बोटाला जाणवलं.

मी ओरडलो. नर्स धावली, डॉक्टर आले. "भास होतो असा," ते म्हणाले.

"तुमचं बोट ठेवा साहेब. मंग बोला."

त्यांनी चादरीखाली हात घातला. मी तिच्या कानाशी वाकलो. "गिऱ्हाईक आलं माय. सोडू नको याले."

डॉक्टरांनी बोट तिच्या मुठीतच राहू दिलं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने चष्मा काढला. "विषाने अंगच लुळं पडलंय, तिला सगळं ऐकू येतंय," ते हळूच म्हणाले.

"मंग तिच्या उशाशी तयारीच्या गोष्टी करू नका."

पुढचं पान उघडायला गेलो, तर एका हाताने पुस्तक धरवेना. ते नर्सने धरलं, माझं बोट पुन्हा पोरीच्या मुठीत होतं.